सावलीची बाजू

८ जानेवारी

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद.

काम एकच आहे. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यात तू आईचा जो रोल काढलास, तेव्हा फिल्मचा वेग लावायची चकती कितीवर होती? तेवढा आकडा कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

कॅमेरा स्टुडिओच्या कपाटात, खालच्या खणात सापडला. इमारत पाडणार आहेत. फेब्रुवारीअखेर जागा रिकामी करून द्यायची, म्हणून मी एकेक खण उपसते आहे. कॅमेऱ्यावरचा काटा छत्तीसवर होता, म्हणजे रोल पूर्ण. कोणाचा आहे हे शोधावं लागलं नाही. आई जायच्या आधी तू आठवडाभर आला होतास, तेव्हा एका संध्याकाळी मी घरी आले तर ती म्हणाली, "धाकट्याने... बाबांच्या कॅमेऱ्याने... माझे." पुढचा शब्द सापडेना, म्हणून तिने हवेत बोटाने खटका दाबून दाखवला. नंतर तिची तब्येत बिघडत गेली आणि आपण सगळेच तो रोल विसरलो.

मी रोल गुंडाळून बाहेर काढला, डबीत घातला, आणि चकती शंभरवर आणली. आकडा न बघता. बाबांच्या हाताखाली इतकी वर्षं केलं तेच हाताने केलं. रोल निघाला की चकती शंभरवर, म्हणजे कॅमेरा पुढे ज्याच्या हातात जाईल त्याची चूक व्हायला नको. आता तो कॅमेरा कोणाच्याच हातात जाणार नाही. तरी हात चालले.

रोल चारशेचा आहे, ते डबीवरच लिहिलंय. पण तुझी सवय मला माहीत आहे. खोलीत उजेड कमी असला की तू चारशेचा रोल सोळाशे समजून काढायचास आणि वर मला सांगायचास, "धुताना बघून घे, ताई." चारशेला काढला असेल तर धुवायचा वेळ वेगळा, सोळाशेला काढला असेल तर जवळजवळ दुप्पट. आणि रोल एकदाच धुता येतो. हे तुला सांगायला नको.

आकडा कळव.

ताई


२० जानेवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचत असेल असं धरते.

तू म्हणशील, तुकडा कापून बघ. रोलच्या टोकाचा वीतभर तुकडा अंधारात कापायचा, आधी तेवढाच धुवायचा आणि अंदाज घ्यायचा. गिऱ्हाइकांच्या रोलला मी ते डोळे झाकून केलंय. पण त्या तुकड्यात दोन-तीन फ्रेम जातात. या रोलमधली एकही फ्रेम घालवायची माझी तयारी नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण दिवसभर इथे बोलायला कोणी नसतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आई तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांतला तिचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. माझ्या फोनमध्ये चार आहेत. दोनांत ती पाठमोरी आहे, एकात झोपलेली, एकात फडक्याने तोंड पुसते आहे. फोटोवाल्याच्या घरात हे असं. मी रोज बघत होते, म्हणून काढले नाहीत. जे रोज समोर असतं त्याचा फोटो कोण काढतं?

तुझ्याकडे होते. तू दरवेळी यायचास आणि दोन-तीनशे काढून न्यायचास. डिजिटलला काय, बोट दाबायचं आणि दाबतच राहायचं. आणि परत गेल्यावर तू कॉम्प्युटरपुढे बसून तिच्या तोंडाचा ओघळलेला कोपरा वर उचललास. डावी पापणी उजवीसारखी केलीस. गाल भरलास. "एकेका फोटोला चाळीस मिनिटं घातली आहेत, ताई," असं तू मला सांगितलंस, जसं काही मी आभार मानावेत. मूळ फाइल मागितल्या तर म्हणालास, डिस्क भरली होती, उडवल्या.

चाळीस मिनिटांत तू तीन वर्षं पुसलीस.

मला फोटो गोड नको आहेत. माझ्या आईचा डावा गाल हवा आहे. तो गाल मी रोज धुतला, त्याला तेल लावलं. त्याच्या आत घास अडकायचा तो बोटाने काढला. आणि तो आता मला दिसेनासा झाला आहे. परवा मी आरशासमोर उभी राहून माझ्याच ओठाचा कोपरा खाली ओढून बघितला. तशी नव्हती ती. मग कशी होती?

तिचा डावा डोळा पूर्ण मिटायचा का, तुला आठवतं? झोपेत फट राहायची असं मला वाटतं. खात्री नाही.

तो रोल तेवढा उरला आहे. फिल्मवर तुला काही उचलता आलं नसेल, काही भरता आलं नसेल. जसा प्रकाश पडला तशी ती तिथे आहे.

आकडा कळव.

ताई


१ फेब्रुवारी

धाकट्या,

मामा येऊन गेला. मी जुन्या फ्रेमा बांधत होते, तो स्टुलावर बसून सूचना देत होता. तू त्याला फोन करतोस, हे त्याच्या तोंडून निसटलं. बरं आहे. कोणाला तरी करतोस.

आई गेल्यावर तू भिंतीवर लावलेल्या तिच्या फोटोवरून त्याने तुझी बाजू घेतली. म्हणाला, "अगं, हसरा फोटो आहे तो. तुला काय रडका हवा होता?"

"रडका नको. तिचा हवा."

"मग तो कोणाचा आहे? माझा?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं, म्हणून लिहिलं.

मग तो गंभीर झाला. म्हणाला, "भरल्या घरात तू फोटो काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. पोराने रात्रंदिवस बसून केला होता. माणसं भेटायला आलेली. तुला दम निघाला नाही."

मी म्हटलं, "मी नुसतं विचारलं की ही बाई कोण."

"नुसतं?"

नुसतं नाही, ते मलाही माहीत आहे. पुढे मी तुला जे म्हणाले ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू ऐकलंस. तुझं वाक्यही मी ऐकलं. "तुला ती आजारीच हवी होती, ताई." ते मी अजून ऐकते. भाजी चिरताना ऐकते. तू चिडून बोललास की तुला खरंच तसं वाटतं, हे विचारायची हिंमत नाही, म्हणून रोलचा आकडा विचारते.

जाताना मामा एक विचित्र बोलला. म्हणाला, "मी आलो की ती मला कायम उजवीकडच्या खुर्चीत बसवायची. दुसरीकडे बसायला गेलो की हातवारे करायची. मला वाटायचं, पंख्याचा वारा लागावा म्हणून करते बिचारी." मी म्हटलं, पंख्यासाठीच असणार.

जागा सोडायला महिनाही उरला नाही. केमिकलवाल्याने रोल धुवायच्या डेव्हलपरचं शेवटचं पाकीट दिलं आणि म्हणाला, "ताई, आता यापुढे ही पावडर मागणारी तुम्ही एकट्याच." मी म्हटलं, मीही मागणार नाही. डार्करूमची मोरी आणि नळ इमारतीबरोबर जाणार. घरी मोरीला खिडकी आहे, दार नीट लागत नाही. जे काही करायचं ते इथेच आणि याच महिन्यात.

दुकानात गिऱ्हाईक अजून येतं. काल एक बाई पासपोर्टच्या फोटोला आली होती. म्हणाली, "हनुवटी एकच ठेवा हं." मी म्हटलं, "साहेब लोक दोन्ही मोजून घेतात." हसली, पण फोटो बघून म्हणाली, "जरा काहीतरी करा ना." केलं. मलाही येतं ते, तुझ्याइतकं सफाईने नाही. ती खूश होऊन गेली. मला वाईट वाटलं नाही. तिच्या घरात तिला तशी बघणारी माणसं आहेत, फोटो कसाही असू दे.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड आज मिळालं.

"चारशेवर होता. पण धुऊ नको, ताई. माझं ऐक."

एवढंच. तारीख नाही, सही नाही. "कशी आहेस" नाही. मी मात्र पानंच्या पानं भरते आहे.

आकड्याबद्दल आभार. मनापासून. खोटा आकडा देऊन रोल घालवणं तुला सोपं होतं. तू खरा दिला आहेस असं मी धरते. तू माझ्याशी भांडशील, पण बाबांच्या धंद्यात खोटं बोलणार नाहीस.

पण धुऊ नको म्हणजे काय?

मी दिवसभर हेच करते आहे. चहा ठेवते आणि वाचते. तुझे फोटो खोटे पडतील म्हणून म्हणतोस का? नाही पडणार. ते तुझ्या घरी लाव, मी काही बोलायला येणार नाही. की मला त्रास होईल म्हणून? मला आता याहून काय व्हायचं राहिलं आहे? की तुला स्वतःलाच तिचं ते तोंड बघवत नव्हतं, आणि ते कुठेतरी शिल्लक आहे हेच नको आहे? तसं असेल तर तुझ्यावर रागवायचीही माझ्यात ताकद नाही. प्रत्येकाला बघवतंच असं नाही. मला बघवलं. मला दुसरा उपायच नव्हता. पण पुढेपुढे, खोटं सांगत नाही, मला ते तोंड आवडायला लागलं होतं. सकाळी ती डोळे उघडायची तेव्हा उजवी बाजू आधी जागी व्हायची आणि डावी मागून यायची. ते कुठल्याच फोटोत येणार नाही. तरी निदान गाल तरी.

तुझं ऐकलं असतं. काही कारण लिहिलं असतंस तर. नुसतं "माझं ऐक" म्हणतोस. तू ताईला असं कधी म्हणत होतास? लहानपणी मी म्हणायचे आणि तू पळून जायचास.

पुढच्या आठवड्यात धुते. त्याआधी फोन केलास तर थांबेन. दुकानाचा फोन अजून चालू आहे.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन आला नाही. उद्या धुणार.

आज सगळी तयारी केली. टाकी, रीळ, थर्मामीटर काढून पुसले. फिक्सर ताजा केला. एक कोरा, फुकट गेलेला रोल घेऊन डोळे मिटून तो रिळावर चढवायचा सराव केला. बोटं विसरली असतील अशी भीती होती. विसरली नाहीत. मग तोच रोल पुन्हा काढून पुन्हा चढवला. फ्रेमवाला सामान न्यायला आला होता, तो दारात उभा राहून बघत होता.

"ताई, आंधळी कोशिंबीर एकट्याच खेळताय होय?"

मी म्हटलं, "राज्य माझ्यावरच आहे."

तो म्हणाला, "इतकं जपून कोणाचं करताय? मंत्र्याचं?"

मी सांगितलं, आईचं. मग त्याने डोक्यावरची फ्रेमांची थप्पी खाली ठेवली आणि म्हणाला, "चांगला निघू दे." कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्याने म्हटलं.

बाबा रोल धुताना बोलू द्यायचे नाहीत, तुला आठवत असेल. आपण दोघं लाल दिव्याखाली बाकावर बसायचो आणि तू माझा हात चिमटायचास. मी ओरडायचं नाही, हा तुझा खेळ. मी कधीच ओरडले नाही.

घाबरले आहे. तू जवळ असतास तर बरं झालं असतं. हे लिहायचं नव्हतं.

ताई


२३ फेब्रुवारी

धाकट्या,

रोल धुतला. छत्तीसही फ्रेम आल्या आहेत. तुझा आकडा खरा होता. बाबांनी एकही शेरा मारला नसता.

ओली पट्टी दोरीला लावून दिव्यासमोर धरली, तेव्हा आधी वाटलं मी ती उलटी धरली आहे. खिडकी चुकीच्या बाजूला होती. कडेचे आकडे वाचले. सुलटीच होती. मग कळलं, तू खुर्ची फिरवली आहेस.

ती खुर्ची मी लावली होती, धाकट्या. खिडकी तिच्या डाव्या हाताला येईल अशी. डाव्या गालावर उजेड हवा, म्हणजे आत घास राहिला, लाळ आली, तर मला लांबूनही दिसावं. तीन वर्षं ती तशीच होती. तू एका दुपारी ती फिरवलीस. उजवा गाल खिडकीकडे केलास, उजेड त्याच्यावरचा मोजलास, आणि बाकीची खोली अंधारात सोडून दिलीस.

नेगेटिव्हमध्ये उजेड काळा येतो आणि सावली कोरी राहते. छत्तीस फ्रेममध्ये तिची उजवी बाजू इतकी सुरेख आली आहे की पापणीचे केस मोजता येतात. डावी कोरी आहे. अंधुक नाही, फिकट नाही. स्वच्छ काचेसारखी कोरी. मी तिच्यासमोर भिंग धरलं. दोन प्रिंट काढून बघितल्या, कमी उजेड दिला, जास्त दिला. नाकाच्या पलीकडे काळं. दुप्पट वेळ धुतला असता तरी तिथे काही आलं नसतं. जे फिल्मवर पडलंच नाही ते डेव्हलपर कुठून आणणार? बाबांनी हे आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं. म्हणून ते म्हणायचे, मोजायचं ते सावलीचं मोजा, उजेड स्वतःचं बघून घेतो. तू विसरलास म्हणणार नाही. छत्तीस वेळा कोणी विसरत नाही.

म्हणजे कॉम्प्युटरपुढे बसून तू जे चाळीस मिनिटं करायचास, ते इथे खटका दाबायच्या आधीच केलं होतंस. महिनाभर मी तुझ्याकडे एक आकडा मागत बसले. कुठलाही आकडा असता तरी फरक पडणार नव्हता.

रागाने टाकीच आपटणार होते. मग उजवी बाजू नीट बघितली.

ती हसते आहे. बहुतेक फ्रेममध्ये. काहींत बोलते आहे, तुला चिडवत असावी. भुवई तशी आहे. आणि तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत. उजवा डाव्यावर, सैल. धाकट्या, माझ्यासमोर तिचा उजवा हात कधीच मांडीवर नसायचा. तोंडाशी असायचा, फडकं घेऊन. मला वाटायचं, लाळेसाठी. मी म्हणायचे, "असू दे गं, मी पुसते," आणि हात बाजूला करून पुसायचे.

ती माझ्यापासून तोंड लपवायला हात लावत होती. आणि मी तो काढत होते.

मामाला उजवीकडे बसवायची. तुझ्यासाठी खुर्ची फिरू दिली. माझ्यापासून तिला तोंड कुठे फिरवता आलं असतं? मी घास भरवत होते. सगळ्यांत जास्त तिला जिच्यासमोर लाज वाटली ती मी, आणि मी तिला रोज, दोन्ही वेळा, उजेडाला धरून बघत होते. मायेने बघत होते. तिला ते कळलं होतं का, हे आता कोणाला विचारू?

तिने तुला सांगितलं होतं की तू न सांगता ओळखलंस, हे मला कळवू नकोस. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला ऐकवणार नाही. "धुऊ नको" का म्हणालास ते समजलं. तू माझ्यासाठी म्हणालास. मी कारण मागत राहिले, आणि कारण असं होतं जे कुठल्याच कार्डावर लिहिता आलं नसतं.

मी चुकले असं म्हणावं तर कुठे चुकले ते सापडत नाही. घास अडकून ती गुदमरली असती. उजेड लागतच होता. पुन्हा ती तीन वर्षं मिळाली तरी मी खुर्ची तिथेच ठेवीन, आणि तिचा हात पुन्हा वर जाईल.

मोरीचा नळ आज बंद केला. प्रिंट काढायचा एनलार्जर मोडीत गेला. डावा डोळा मिटायचा की नाही, ते आता कळणार नाही. तिची तशी इच्छा होती असं समजून मी गप्प बसायचं, एवढंच उरलं. ते मला जमत नाही आहे. मला अजूनही तो गाल हवा आहे.

प्रिंट मी ठेवत नाही. नेगेटिव्ह कापून, सहा-सहाच्या पट्ट्या पाकिटात घालून तुला पाठवते आहे. बोटांचे ठसे लागू देऊ नकोस. त्या माझ्या नाहीत. छत्तीसही फ्रेममध्ये ती तुझ्याकडे बघते आहे.

ताई